कापलेली टोकं

लंबूने ‘ढ’च्या रेषेची दोन्ही टोकं कापली, उरलेला मधला भाग पडद्यावर मोठा करून एकदा पाहून घेतला आणि खुर्ची फिरवून म्हणाला,

“घे. तुझा लाडका आला.”

मनू हातातला चहा तसाच ठेवून उठली. बाकीच्या रेषा ती काही खाता खाता वाचायची, पण ‘ढ’ आला की तिला सगळं टेबल मोकळं लागायचं. शहरातली म्हातारी माणसं दिवसभर कुठे जातात, कुठे टेकतात, कुठून उठवली जातात, असा त्या दोघांचा अभ्यास होता. वीसेक म्हाताऱ्यांच्या खिशात काड्यापेटीएवढी एकेक डबी दिलेली होती. माणूस चालला की नकाशावर रेष चालायची आणि माणूस बसला की तिथे ठिपका फुगायचा. जितकं जास्त बसणं, तितका ठिपका मोठा.

कुणाच्या खिशात कोणती डबी, हे एकट्या लंबूला माहीत. त्याने प्रत्येकाला एक अक्षर देऊन टाकलं होतं आणि मनूपर्यंत यायचं ते फक्त अक्षर. रेष तिच्याकडे येण्याआधी लंबू तिची दोन्ही टोकं कापायचा, म्हणजे माणूस कुठल्या घरातून निघाला नि कुठल्या घरात परतला ते वाचणाऱ्याला कळू नये. हा नियम मनूचाच. त्यासाठी ती संस्थेच्या प्रमुख मॅडमशी चारचौघांत भांडली होती. मॅडमशी भांडून कुणी जिंकल्याचं त्या संस्थेत कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे त्या नियमावर तिचा फार जीव होता. “आपण लोकांचं चालणं बघतोय. त्यांच्या घरात डोकवायचा आपल्याला हक्क नाही,” असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि म्हणताना तिचा आवाज चांगला लागला होता.

“बघ, बघ,” मनू पडद्यावर बोट टेकवत म्हणाली. “काल पुन्हा फर्निचरच्या दुकानात गेलाय.”

“काच पुसून घेईन मी नंतर,” लंबू म्हणाला.

“आणि ठिपका बघ केवढा आहे. सोफ्यावर बसून राहिला असणार. काय माणूस आहे! दवाखाना, मग बँक, मग फर्निचरचं दुकान, मग बसस्टँड. सगळं शहर स्वतःचं असल्यासारखा फिरतो. नाहीतर हा ‘ग’.” तिने दुसरी रेष उघडली आणि तिला जांभईच आली. “घरातून निघाला, दुसऱ्या घरात जाऊन बसला, परत आला. रोज तेच.”

‘ग’ म्हणजे आपले वडील, हे तिने मनाशी ठरवून टाकलेलं होतं. ऐन वेळी एका आजीबाईंनी डबी परत केली होती, तेव्हा मनूनेच वडिलांचं नाव सुचवलं होतं. नियमाप्रमाणे डबी लंबूच्या हातून गेली आणि अक्षर कोणतं मिळालं ते तिने विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. वडील रोज दुपारी आपल्या मित्राकडे, मास्तरांकडे, बुद्धिबळ खेळायला जात आणि संध्याकाळी परत येत. ‘ग’चंही तसंच होतं. त्या कंटाळवाण्या रेषेकडे बघताना तिला थोडी मायाही वाटायची.

लंबूने आपले लांब पाय टेबलाखाली मिळेल तिथे कोंबले आणि पुढची रेष कापायला घेतली.

ती खोली मुळात अडगळीची होती. आधीच्या विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्याची केलेली शहरं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. कुणाच्या तरी पदवीचा उड्डाणपूल मोडून खाली आला होता, आणि त्यावर लंबू आपली पिशवी ठेवायचा. दोघांची पदवी नवी, दोघांची नेमणूक हंगामी, दोघांचं टेबल एक. वर्ष संपत आलं होतं आणि पुढे जागा एकच होती. मॅडमनी ते पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं होतं. “एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, पण म्यान कुणाचं ते ठरेपर्यंत दोघींना धार करून घ्या.” लंबूने तेव्हा “दोघींना?” असं विचारलं होतं, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, “तुझी तलवार आहे की पट्टी, ते बघू.” लंबूचे गुरुजनांपुढे असेच हाल होत.

मनूचं घर संस्थेपासून चालत जाण्याजोगं होतं. सकाळी ती संस्थेत रेषा वाचायची आणि दुपारी घरी बसून लिहायची. घर वडिलांचं. दोन खोल्या, तिसरा मजला, जिना चढून. वडील आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. “लोकांना वर नेण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या नशिबी पायऱ्या,” हा त्यांचा ठरलेला विनोद होता, आणि तो ते पहिल्या मजल्याच्या वळणावर, दम लागला की सांगत.

आई गेल्यापासून वडिलांना बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ते कशाशीही बोलत. नळाशी बोलत, पेपरातल्या बातमीशी भांडत. मनू लिहायला बसली की दर थोड्या वेळाने दारात येऊन उभे राहत. “चालू दे, चालू दे. मी काही बोलत नाही,” असं म्हणत आणि मग बोलत. एका दुपारी त्यांनी असंच येऊन विचारलं की, शहराचा अभ्यास म्हणजे नक्की कशाचा गं, रस्त्यांचा की माणसांचा? मनूच्या हातातली ओळ निसटली आणि तिचा तोल गेला.

“बाबा, तुम्ही घरात असलात की मला एक ओळ सुचत नाही. एक ओळ!”

वडिलांनी आत जाऊन नळ घट्ट बंद केला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी बूट घातले.

“मास्तर एकटेच असतात दुपारचे,” ते म्हणाले. “बुद्धिबळ मांडू म्हणतात. मग मी किती वाजता येऊ?”

स्वतःच्याच घरात यायला ते वेळ विचारत होते, हे मनूला पहिल्या दिवशी खटकलं होतं. “काहीतरीच काय, बाबा,” असं ती म्हणाली होती आणि पाठोपाठ, “दिवे लागले की या,” असंही म्हणाली होती. पुढे ते रोज विचारू लागले आणि ती रोज सांगू लागली. घर शांत झालं, ओळी भराभर सुचू लागल्या. मास्तरांसारखा मित्र वडिलांना आहे हे किती बरं, असं ती मैत्रिणींना सांगायची.

त्या संध्याकाळी वडील आले तेव्हा मनू दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची तयारी करत होती. वडिलांनी बूट काढून भिंतीशी नीट लावले आणि पावलं न वाजवता आत गेले. मग पाण्याचा पेला घेऊन दाराशी आले.

“दवाखान्यातली ती मोठी लिफ्ट आहे ना,” ते म्हणाले, “ती थांबताना दचकते. कुणाला तरी सांगायला पाहिजे.”

“तुम्ही कशाला गेला होतात दवाखान्यात?”

“मास्तरांना घेऊन. त्यांच्या गुडघ्यासाठी.”

“बरं,” मनू म्हणाली आणि वाक्याखाली रेघ ओढली. “बाबा, उद्या माझं ते भाषण आहे. जागेचं ठरेल. सकाळी आटोपलं की दुपारी घरी येऊन लगेच अहवाल लिहायला घ्यायचाय.”

“मग मी आपला नेहमीसारखा जातो,” वडील म्हणाले. त्यांनी पेला हातातल्या हातात फिरवला. “माझ्या त्या डबीचं काही बरं निघतंय का?”

“ते मला कळत नसतं, बाबा. तोच तर नियम आहे.”

“हां, हां. नियम तर पाळलाच पाहिजे,” असं म्हणून ते आत गेले.

सभागृहात नगररचना खात्याचे अधिकारी आले होते, दोन-तीन बाहेरचे प्राध्यापक होते आणि मागच्या रांगांत विद्यार्थी. मॅडम मधल्या खुर्चीत पाय दुमडून बसल्या होत्या. त्यांच्या आवडीचा दिवस होता. आधी लंबू बोलला. त्याचे आकडे चोख होते, नकाशे देखणे होते. तो संपवून घाम पुसत होता तेव्हा मॅडम म्हणाल्या,

“सगळं आहे रे तुझ्या नकाशात. बाकं आहेत, झाडं आहेत, सावल्यासुद्धा आहेत. फक्त त्यात एकही माणूस मला भेटला नाही. तू कधी माणूस पाहिलायस ना?”

लोक हसले. लंबूही हसला, कारण न हसणं अधिक वाईट दिसलं असतं. खाली उतरून तो मागे आपल्या जागी जाईल असं मनूला वाटलं होतं. तो सरळ येऊन पहिल्या रांगेत बसला, तिच्या अगदी समोर.

मनूने ‘ढ’ची रेष पडद्यावर लावली आणि सभागृह तिचं झालं. ती बोललीही छान. हा एक माणूस, ती म्हणाली. आपल्याला त्याचं नाव माहीत नाही, घर माहीत नाही. पण तो रोज दुपारी बाहेर पडतो. दवाखान्यात त्याला कुठलाही आजार नाही, कारण तो तपासणीच्या खोल्यांकडे कधी जात नाही, लिफ्टसमोरच्या बाकावरच बसतो. बँकेत त्याचं काम नाही, तिथे फक्त गारवा आहे. बसस्टँडवर येतो आणि कुठलीच बस पकडत नाही.

“आणि हे बघा,” तिने सर्वांत गमतीदार ठिपका मोठा केला. “हे फर्निचरचं दुकान. इथे तो आठवड्यातून दोनदा तरी जातो. सोफे घेण्याचं त्याचं वय नाही. मला वाटतं, तो तिथे शेठजी होऊन बसतो.”

हशा पिकला. खात्याच्या अधिकाऱ्यांनी मान मागे टाकून हसून घेतलं. मनूला हे असं होईल हे माहीत होतं, म्हणून ती थांबली, आणि हशा ओसरल्यावर आवाज खाली आणून म्हणाली की, ज्या शहरात बसायच्या जागा उरल्या नाहीत असं आपण रडत असतो, त्याच शहराला या माणसाने आपलं अंगण करून टाकलंय. घरातली माणसं ज्या हक्काने अंगणात येऊन टेकतात, त्याच हक्काने हा टेकतो.

पहिल्या रांगेत लंबू मांडीवर हात ठेवून तिच्याकडे टक लावून बघत होता. तिने त्याच्याकडे पाहून हलकेच स्मितही केलं.

बाहेरून आलेल्या एका वयस्क प्राध्यापिकेने हात वर केला.

“यांना घर नाहीये का?”

“आहे,” मनू म्हणाली. “रेष जिथे सुरू होते तिथेच संपते. आम्ही टोकं कापलीत, एवढंच.”

“मग घरी का बसत नाहीत?”

“कारण त्यांना शहर आवडतं,” मनू लगेच म्हणाली. “बाई, ज्याला घालवून दिलंय तो माणूस असा ठरावीक वाटेने, रोज, आनंदाने फिरत नाही. तो कोपऱ्यात बसतो. ही निवड आहे.”

“आनंदाने, हे कशावरून?”

“चालण्यावरून,” मनू म्हणाली. “रेष बघा ना. कुठेही घुटमळलेली नाही.”

प्राध्यापिका आणखी काहीतरी विचारणार होत्या, पण तेवढ्यात मॅडमनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

नंतर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. मॅडमचा आनंद जवळून भीतिदायक दिसायचा.

“तुझा ‘ढ’ सगळ्या हुशारांच्या पुढे निघून गेला,” त्या म्हणाल्या. “जागा तुझी. पण ऐक, बाईसाहेब. खात्याच्या लोकांना हा म्हाताराच आवडलाय, तू नाही आवडलेलीस. आता ऊन तापायला लागेल. पूर्ण महिना मला तो उन्हात हवाय. ऊन चढल्यावर कुठे बसतो, कुठून उठतो, सगळं. डबी परत त्याच्या खिशात गेली पाहिजे.”

“आणि त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर तुझ्याकडे काय उरतं? एक अंगण आणि बाकी सगळ्या जांभया. मग जागेचं पुन्हा बघावं लागेल.” मॅडमनी तिच्या खांद्यावर थोपटलं. “म्हातारे नाही म्हणत नाहीत. त्यांना कुणी विचारत नसतं ना.”

मनू जिना उतरत होती ती जवळजवळ उड्या मारतच. खालच्या वळणावर लंबू कठड्याला टेकून उभा होता. हातात अभ्यासातली एक डबी होती, तो ती वरखाली झेलत होता.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

“मनापासून म्हणतोयस?”

“नाही.”

ती हसली. जिंकलेल्या माणसाला हसणं परवडतं.

“डबी दे ना ‘ढ’ला पुन्हा,” ती म्हणाली. “मॅडमना महिनाभर हवाय तो.”

“तूच दे,” लंबू म्हणाला आणि डबी तिच्या तळहातावर ठेवली. “रात्री जेवायला बसाल तेव्हा.”

मनूला पटकन काही कळलं नाही. मग तिने डबीकडे पाहिलं. डबीच्या पाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर बारीक, सरळ अक्षरांत ‘पडू देऊ नये’ असं लिहिलं होतं. वडील आपल्या सगळ्या हत्यारांवर असंच लिहायचे.

“मुदत संपली म्हणून आज सकाळी घेऊन आलो त्यांच्याकडून,” लंबू म्हणाला. “म्हणाले, पोरीला सांगा, एक दिवससुद्धा विसरलो नाही.”

“बाबा ‘ग’ आहेत,” मनू म्हणाली.

“‘ग’ म्हणजे एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्या मुलीकडे जातात.”

“बाबा मास्तरांकडे जातात रे. बुद्धिबळ खेळायला.”

“त्या रेषेवर एकही घर नाही, मनू. तूच सांगितलंस आत्ता सगळ्यांना.”

वरून कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मनूने कठडा धरला.

“तुला माहीत होतं. पहिल्यापासून.”

“नियम तुझाच होता. वाचणाऱ्याला सांगायचं नाही.”

“लंबू!”

“खरं सांगू?” लंबू म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, किंचित कंटाळलेला. “मला वाटलं होतं, तू ओळखशील. एका घरात राहता तुम्ही. मला वाटलं, त्या सोफ्याच्या ठिपक्यापाशी येशील आणि मध्येच थांबशील. तुझा चेहरा बघायला मिळावा म्हणून पुढे येऊन बसलो मी. तू थांबली असतीस तर जागा मला मिळाली असती. तू थांबलीच नाहीस. हसवलंस उलट.”

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याहून जास्त तिला वाटलं की, याने आता वर जाऊन हे कुणाला सांगू नये. आधी काय वाटलं आणि मागून काय वाटलं, हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं.

“आणि कापलेल्या टोकांत काय आहे, तेही ऐकून ठेव,” लंबू म्हणाला.

“टोकांत घर असतं. म्हणून तर कापतो.”

“घर नाही, जिना आहे. रोज लवकर परत येतात ते. दिवे लागायच्या बरेच आधी. आणि तुमच्या जिन्याखाली बसून राहतात. शहरभरातला सगळ्यात मोठा ठिपका तिथे आहे. मी तो रोज कापत आलो.”

मनू घरी निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाटेत तिने वाक्यं जुळवली. बाबा, उद्यापासून तुम्ही कुठेही जायचं नाही. बाबा, घर तुमचं आहे. बाबा, मी चुकले. तिसरं वाक्य सर्वांत छोटं होतं, ते ती पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती. रडू येत होतं आणि ते खरं होतं. आपल्याला जागा मिळाली, हाही विचार त्या रडण्याच्या मधून मधून डोकं वर काढत होता, आणि तोही खराच होता.

फाटकातून आत शिरताना ती थबकली. जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या खाली, रंगाचा रिकामा डबा पालथा घालून वडील बसले होते. अंगाखाली पेपरची घडी होती. हात गुडघ्यांवर होते आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. काही वाचत नव्हते, झोपलेले नव्हते. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार वाजलं तसे ते चटकन उभे राहिले, खिशातून किल्ली काढून हातात धरली, आत्ताच येत असल्यासारखे दोन पायऱ्या चढले. शेजारच्या वहिनी उतरून आल्या.

“काय काका, आलात का?”

“हे काय, आत्ताच येतोय.”

वहिनी निघून गेल्या. वडील परत खाली उतरले, पेपरची घडी नीट केली आणि बसले.

मनूने दोन पावलं पुढे टाकायची होती. तिने मागे टाकली. आता समोर गेले तर त्यांना केवढं ओशाळं वाटेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ती रस्त्यावर आली. मग ती चालत राहिली. एका दुकानाच्या पायरीवर टेकली, तिथल्या माणसाने बघितलं तशी उठली. बसस्टँडवर जाऊन बसली. बस येत होत्या, जात होत्या. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा ती घराकडे वळली.

दार वडिलांनीच उघडलं.

“अगं, मी आत्ताच आलो मास्तरांकडून. बघतो तर तू घरात नाहीस. म्हटलं, झालं काय?” ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. “झालं का जागेचं?”

मनूने मान डोलावली. वडिलांनी तिचे दोन्ही हात धरले आणि ते नुसतेच वरखाली हलवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुझी आई पाहिजे होती,” असं म्हणून ते चहा करायला आत वळले. पाठीमागे पँटवर जिन्याखालचा चुना लागला होता.

चहा पिताना तिने जुळवलेली वाक्यं चाचपली. तिन्ही जागेवर होती.

“बाबा,” ती म्हणाली.

“बोल.”

तिने पिशवीत हात घातला. रुमाल काढायचा होता, की डबी, ते तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं. डबी हाताला आली.

“ही आणखी महिनाभर लागणार आहे.”

वडिलांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे माझं काहीतरी उपयोगी पडलं म्हण की! मी म्हणतच होतो, नुसतं मास्तरांकडे जाण्या-येण्यात काय अभ्यास असणार. म्हणून कधी कधी मुद्दाम लांबून जायचो मी.” त्यांनी डबी उलटी करून आपली चिकटपट्टी तपासली. “माझं अक्षर कोणतं होतं गं?”

“ते मला माहीत नसतं, बाबा.”

“बरोबर, बरोबर. नियम आहे.”

“उन्हाचा त्रास होईल तुम्हाला.”

“छे. मास्तरांकडे पंखा आहे चांगला,” वडील म्हणाले.

मनूने दोघांचे कप उचलले आणि विसळायला नेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि फरशी तापली होती. मनू टेबलाशी बसली होती. समोरच्या कोऱ्या पानावर तिने शीर्षक टाकलं होतं. वडिलांनी टोपी घातली, डबी खिशात ठेवली आणि बूट घालायला ते दाराशी खाली बसले.

“मग किती वाजता येऊ?”

रात्रभर ती तीन वाक्यं तिने घोकली होती. आत्ता म्हणायचं होतं. वडील नाड्या बांधत होते, मान खाली होती, चेहरा दिसत नव्हता. यापेक्षा सोपी वेळ पुन्हा मिळाली नसती.

“जरा उशिरा आलात तरी चालेल,” मनू म्हणाली. आणि वडील नाडीची गाठ मारत असताना तिच्या तोंडून निघालं, “आणि बाबा, जिन्याखाली बसत जाऊ नका. घराजवळचं तेवढं कापलं जातं. ते धरलं जात नाही.”

वडिलांची बोटं थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. बांधलेली गाठ सोडली, आणि पुन्हा सावकाश बांधली. नळ ठिबकत होता तो दोघांनाही ऐकू येत होता.

“असं होय,” ते म्हणाले. “मला कुणी सांगितलंच नाही. मग स्टँडवरच थांबत जाईन मी.”

ते भिंतीचा आधार घेऊन उठले, आत जाऊन नळ घट्ट करून आले. दार उघडल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. खिशातून डबी काढून त्यांनी तिच्यापुढे धरली.

“चालू आहे ना गं ही? मला दिवा नीट दिसत नाही. बघ बरं एकदा.”

मनू उठून जवळ गेली, वाकली आणि तिने बघितलं.

“लागलाय,” ती म्हणाली.